छाप पडते ती कशी?

पत्राची घडी घालायची, पाकिटात सारायची, पाकीट ढिगावर ठेवायचं आणि पुढचं पत्र उचलायचं. एका रुग्णालयाच्या देणगी मोहिमेसाठी ब्रिटनमध्ये तात्पुरत्या कामगारांना हे काम दिलं होतं. सुरुवातीला काहींना साधं, माहिती देणारं भाषण ऐकवलं गेलं. काहींना गाभा तोच ठेवून निराळ्या रीतीनं रचलेलं भाषण मिळालं. त्यात गोष्ट होती, प्रश्न होते, हे काम का करायचं याचं ठाम उत्तर होतं. या दुसऱ्या गटानं सुमारे १७ टक्के जास्त काम केलं. जास्त पाकिटांना जास्त पैसे कबूल केलेल्या गटातली वाढही साधारण तेवढीच होती. नेतृत्वाचे अभ्यासक जॉन अँटोनाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याला आपण वलय, करिष्मा, छाप असं काहीबाही म्हणतो, त्याचं मोजमाप इथे चक्क पाकिटं मोजून झालं. म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

कारण आपल्याकडे या विषयावर बोलणं बहुतेकदा 'ते जात्याच असावं लागतं' या वाक्यापाशी संपतं. बुजऱ्या मुलामुलींचं या वाक्यानं फार नुकसान केलं आहे. ज्यांना ते लागू पडतं असं आपण समजतो, त्यांच्याबाबतही ते अर्धंच खरं आहे. करिष्मा ही कल्पना समाजशास्त्रात रुजवली ती जर्मन अभ्यासक माक्स वेबर यांनी (१८६४-१९२०). लोक सत्ता का मानतात याची तीन कारणं त्यांनी सांगितली: परंपरा, कायदा आणि एखाद्या व्यक्तीच्या असामान्यपणावरचा विश्वास. तिसरं कारण म्हणजे करिष्मा. पण वेबर पुढे हेही सांगतात, की अनुयायी मानतात तोवरच तो टिकतो. म्हणजे छाप पाडणाऱ्याइतकाच ती पाडून घेणाऱ्याचाही तिच्यात हात असतो.

डेन्मार्कमधल्या आर्हूस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हीच बाजू तपासली. श्रद्धाळू ख्रिस्ती आणि धर्म न मानणारे अशा दोन्ही गटांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून प्रार्थना ऐकवल्या. बोलणाऱ्यांची ओळख वेगवेगळी करून दिली होती: एक ख्रिस्ती नसलेला, एक साधा ख्रिस्ती आणि एक ज्याच्या हाताला गुण आहे असा. या तिसऱ्याचा आवाज ऐकताना श्रद्धाळूंच्या मेंदूत कपाळामागच्या, पारख आणि नियंत्रणाच्या कामात गुंतलेल्या भागांची हालचाल मंदावली. ज्यांच्यात ती जास्त मंदावली, त्यांना तो वक्ता जास्त प्रभावी वाटला. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरीही बुवा-महाराजांच्या दरबारात चांगली शिकलेली माणसं शंका बाहेर ठेवून का बसतात, हे समजायला तो मदत करतो. महाराज तोंड उघडण्याआधीच त्यांची ओळख आपलं काम करून गेलेली असते.

शिक्षण हा काही यावरचा हमखास उतारा नाही. १९७० मध्ये अमेरिकेत 'डॉ. मायरन फॉक्स' यांचं वैद्यकीय शिक्षणातल्या गणिती गेम थिअरीवर व्याख्यान झालं. समोर मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी जाणती मंडळी होती. हे डॉक्टर प्रत्यक्षात नट होते. भाषण मुद्दाम परस्परविरोधी विधानांनी आणि निरर्थक शब्दांनी भरलेलं होतं, पण बोलण्यात ऐट होती, विनोद होता, जिव्हाळा होता. श्रोत्यांनी भरभरून चांगले अभिप्राय दिले. एकानं तर या डॉक्टरांचं लेखन आपण वाचल्याचंही लिहून दिलं.

मग ही कला शिकावी की तिच्यापासून दूर राहावं? माझं स्पष्ट मत आहे की शिकावी, आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखं खरोखर काही आहे त्यांनी तर आवर्जून शिकावी. नाहीतर मैदान डॉ. फॉक्सच्या वारसांना मोकळं.

शिकता येते, याला आधार आहे. अँटोनाकिस यांनीच स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर २०११ मध्ये ३४ व्यवस्थापकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि एका गटाला प्रशिक्षण दिलं. तीन महिन्यांनी त्यांच्याच कचेरीतल्या लोकांना विचारलं, तेव्हा शिकलेल्यांचा प्रभाव वाढलेला दिसला. एमबीएच्या ४१ विद्यार्थ्यांनी शिकण्याआधी आणि नंतर तेच भाषण केलं, तिथेही फरक पडला. शिकवलेल्या युक्त्या होत्या बारा. त्यातल्या तीनच आवाज, चेहरा आणि हातवारे यांच्या. उरलेल्या नऊ शब्दांच्या: उपमा-दृष्टांत, गोष्ट, विरोध दाखवणं, प्रश्न टाकणं, तिहेरी मांडणी, योग्य-अयोग्याबद्दल ठाम बोलणं, श्रोत्यांच्या मनातलं बोलून दाखवणं, मोठं उद्दिष्ट ठेवणं आणि ते जमेल असा भरवसा देणं.

ही यादी वाचताना मला कीर्तन आठवतं. एक अभंग घ्यायचा, त्यावर निरूपण करायचं, दृष्टांत द्यायचा, मध्येच 'सांगा बरं माउली' म्हणत प्रश्न समोर टाकायचा, आवाज पार खाली आणायचा आणि नेमक्या जागी टाळ-मृदंगाला वाट करून द्यायची. कीर्तनकार ही सारी हत्यारं पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. आणि आपण हे शिकवतही आलो आहोत. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मुलं जातात ती पाठांतर, चाली आणि निरूपण शिकायला. कीर्तन रियाजानं येतं हे ज्या समाजाला इतकं स्वच्छ कळतं, त्यानं ऑफिसातल्या किंवा सभेतल्या बोलण्याला मात्र दैवी देणगी समजावं, हे मला पटत नाही.

एक साधा प्रसंग घेऊ. सोसायटीच्या सभेत कचऱ्याचा विषय आहे. सेक्रेटरी म्हणतात, 'सर्व सभासदांना विनंती की ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा.' सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी भातात प्लास्टिक असतंच. आता हेच असं बोललं तर?

'आपण डब्याला झाकण लावलं की आपल्यापुरता कचरा संपतो. खाली ताईंच्या हातात तो तिथून सुरू होतो. परवा त्यांच्या बोटात फुटक्या बरणीची काच गेली. ती बरणी आपल्यापैकीच कुणाच्या तरी घरातली. दोन डबे ठेवायचा तुम्हाला कंटाळा येतो, मलाही येतो. पण आपली घाण दुसऱ्याच्या उघड्या हातांनी निवडून घेणं बरोबर आहे का? गणपतीपर्यंत सगळ्या घरांतून दोन डबे खाली आले पाहिजेत. बी विंगनं ते आधीच करून दाखवलंय.'

विरोध, गोष्ट, मनातलं ओळखणं, प्रश्न, ठाम भूमिका, मुदतीसह उद्दिष्ट, भरवसा. जेमतेम अर्ध्या मिनिटात सात युक्त्या झाल्या, आणि एकही हातवारा लागला नाही. अट एकच, ती काच खरंच गेलेली असली पाहिजे. रचलेली गोष्ट एकदा उघडी पडली की पुढची खरी गोष्टही कुणी ऐकत नाही.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत मात्र अजूनही फळ्यावर लिहिलं जातं: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले आहेत. तिथे सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवून बोलणाऱ्याच्या भावनेचा अंदाज विचारला होता. आकडे सगळ्या संवादाला लागू नाहीत, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलं आहे. दोन मिनिटं रुबाबदार पवित्रा घेतला की शरीरातली संप्रेरकं बदलतात, हा २०१० मधला दावाही पुढच्या मोठ्या प्रयोगात टिकला नाही.

याचा अर्थ शरीर गप्प असतं असा नाही. कोलकात्यात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी यांनी रॉबर्ट रोझेंथाल यांच्याबरोबर १९९३ मध्ये शिक्षकांच्या तीस सेकंदांच्या मूक चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. त्यांनी दिलेले गुण सत्राअखेरीस विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बरेच जुळले. पहिली छाप झटकन पडते, हे खरंच आहे. पण ती सहज, आतून आलेल्या हालचालींची होती, आरशासमोर घोटलेल्या हातवाऱ्यांची नव्हे. वक्तृत्व स्पर्धेत 'आकाश' म्हणताना बोट वर आणि 'हृदय' म्हणताना हात छातीवर नेणारं मूल पाहिलं की मला त्या मुलाबद्दल वाईट वाटतं. त्याला सांगायचं होतं ते त्या हातांखाली दबून जातं.

आणि व्यासपीठ सोडून रोजच्या व्यवहाराचं काय? टोरांटो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये करिष्म्याचे दोन घटक वेगळे काढले: प्रभाव टाकण्याची क्षमता, आणि समोरच्याला मोकळं वाटेल असा स्नेहभाव. या दुसऱ्याला भाषण लागत नाही. हार्वर्डमधल्या संशोधकांना २०१७ मध्ये आढळलं, की जे जास्त प्रश्न विचारतात ते समोरच्याला जास्त आवडतात, त्यातही आधीच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारे. 'गाव कुठलं?' याच्यापुढे 'अच्छा' न म्हणता 'मग पावसाळ्यात तिकडे जाता येतं का?' असं विचारणं, एवढंच. त्यासाठी पहिलं उत्तर खरंच ऐकावं लागतं, आणि मोबाइल खाली ठेवावा लागतो.

सराव करायचा तर एका वेळी एकच युक्ती घ्यावी. येत्या बैठकीत बोलण्याचा एकच मुद्दा निवडा, त्याला एक खरी, तुम्हाला माहीत असलेली घटना जोडा आणि शेवटी नेमकं काय, कधीपर्यंत हवं ते सांगा. आधी मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड करून ऐका. कुठे एकसुरी होतं, कुठे घाई होते, ते लगेच कळतं. मग घरातल्या कुणाला तरी ऐकवा, पण 'कसं वाटलं' असं लगेच विचारू नका, त्याला 'छान' एवढंच उत्तर येतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारा, 'काल मी काय सांगत होतो?' त्यांना जे आठवेल तेवढं ठेवा, बाकीचं नव्यानं लिहा.