शाळा सुटल्यावरच्या वर्गाला कोण येतं?

मुलाला वाचता येतं का, हे कळायला एक कागद पुरतो. त्यावर काही सुटी अक्षरं असतात, काही साधे शब्द, पहिलीच्या पुस्तकात शोभेल असा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मुलाला जवळ बसवायचं आणि मोठ्यानं वाचायला सांगायचं. पाच-सात मिनिटांत समजतं, ते कुठे अडतंय. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ पाहणीसाठी असाच कागद घेऊन देशभरातल्या खेड्यांत जाते. पाचवीतली साधारण निम्मी मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हे चित्र त्यातून पुन्हा पुन्हा समोर येतं. ही मुलं शाळाबाह्य नाहीत. पटावर त्यांची नावं आहेत, वर्गात ती बसतात.

मग अडतं कुठे? देवनागरीत एकेका व्यंजनाची बाराखडी होते. ३४ व्यंजनं धरली तर चारशेच्या वर रूपं झाली, जोडाक्षरं वेगळीच. ‘कु’ आणि ‘के’ बघताक्षणी ओळखू येईपर्यंत मूल प्रत्येक अक्षरापाशी थांबतं. हातातलं काम होईपर्यंत गोष्टी धरून ठेवणारी आपली कार्यकारी स्मृती फार थोडं पेलते. त्यामुळे वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटून गेलेली असते. असं मूल चौथीत बसलं, की परिसर अभ्यासाचा धडा त्याला बंद आणि गणितातलं शाब्दिक उदाहरणही बंद. शिक्षकांना पोर्शन संपवायचा असतो, ते पुढे जातात. दरवर्षी अंतर वाढत जातं.

माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९५ साली मुंबईत ‘प्रथम’ सुरू केली. या मुलांसाठी संस्थेनं बालसखी आणली. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि तुटपुंजं मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याकडे बसायची. त्यांना चौथीचं पुस्तक तात्पुरतं बाजूला ठेवून ती अक्षरओळख, आकडे, बेरीज-वजाबाकी असं पायाचं शिकवायची.

अशा उपक्रमाचा उपयोग झाला की नाही, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. मूल वर्षभरात तसंही थोडं शिकतंच. शिवाय उत्साही मुख्याध्यापकच बालसखीला आधी बोलावणार, म्हणजे त्यांच्या शाळा मुळातच वेगळ्या. म्हणून अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा वाटल्या. काही शाळांत बालसखी तिसरीला मिळाली, काहींत चौथीला. एका शाळेतली बालसखी नसलेली इयत्ता दुसऱ्या शाळेतल्या त्याच इयत्तेशी ताडून बघता आली. (या पद्धतीच्या प्रयोगांसाठी बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.)

दुसऱ्या वर्षाअखेर बालसखी असलेल्या इयत्तांचे गुण सरासरी ०.२८ प्रमाण विचलनानं वर गेले. सोप्या भाषेत सांगायचं तर शंभर मुलांच्या रांगेत खालून पन्नासावं असलेलं मूल एकसष्टाव्या जागी आलं. सर्वात मागे असलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. वर्षभरानं त्यातला बराच भाग ओसरला, हेही नोंदलं गेलंय.

मला मात्र याच प्रयोगातली दुसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बालसखीकडे मुलं गेल्यामुळे मूळ वर्गातली गर्दीही कमी झाली होती. तरी त्या वर्गात उरलेल्या मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. म्हणजे नुसता पट कमी करून भागत नाही. मूल आज जिथे उभं आहे तिथून शिकवायला घेतलं, तेव्हा फरक पडला.

पण मग हे शाळेबाहेर, संध्याकाळी करून बघितलं तर? उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात तेच झालं. गावातल्या तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची सोपी रीत दाखवली, आणि त्यांनी शाळेव्यतिरिक्तच्या वेळात वर्ग भरवले. जी मुलं आली ती खरोखर वाचायला लागली. ज्यांना एक अक्षरही येत नव्हतं, त्यांचीही चांगली प्रगती झाली. फक्त, त्या गावांतल्या शंभर मुलांमागे जेमतेम आठ मुलं आली.

हा आकडा मला अस्वस्थ करतो. संध्याकाळी पाणी भरायचं असतं, धाकटं भावंड सांभाळायचं असतं, आणि ज्या मुलाला वाचायची लाज वाटते ते तर आपणहून येतच नाही. संस्थांच्या अहवालांत लाभार्थी मुलांची संख्या छापलेली असते. त्याशेजारीच, वस्तीत वाचता न येणारी किती मुलं आहेत आणि त्यातली किती वर्गाला कधीच फिरकली नाहीत, हेही छापलं पाहिजे.

पुढच्या प्रयोगांनी वेळेचं हे कोडं बरंच उलगडलं. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनीच हीच रीत वापरली आणि मुलं पुढे गेली. शाळेच्या वर्षात मात्र नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण हाती दिल्यावर फारसं काही बदललं नाही, कारण पोर्शनचा तगादा होता. नंतर उत्तर प्रदेशात शाळेच्याच वेळात, शाळेच्याच आवारात दहा-वीस दिवसांची शिबिरं घेतली, वर्षभरात मिळून सुमारे पन्नास दिवस. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न पाडता वाचनाच्या पातळीप्रमाणे पाडले. मुलं जमिनीवर खडूनं अक्षरं लिहीत, बाराखडीचा तक्ता मोठ्यानं म्हणत, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दशक-एकक शिकत. शेवटी या शाळांतली जवळपास निम्मी मुलं उतारा किंवा गोष्ट वाचू लागली. शिबिर नसलेल्या शाळांत हे प्रमाण सुमारे पाव होतं.

घानातल्या ५०० शाळांत याच धर्तीवर प्रयोग झाला. स्थानिक तरुणांना मानधन देऊन काही शाळांत शाळेच्या वेळात, तर काहींत शाळा सुटल्यावर मुलांना शिकवायला लावलं. दोन्हींत मुलं पुढे गेली, फायदाही जवळपास सारखाच. म्हणजे शाळा सुटल्यानंतरची वेळ मुळात वाईट नाही. जौनपूरपेक्षा तिथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या, आणि माझ्या मते त्याच निर्णायक ठरल्या. शिकवणाऱ्याला मोबदला मिळत होता. आणि मुलांना घरी जाऊन पुन्हा यावं लागत नव्हतं, घंटा झाली की वर्ग त्याच शाळेत भरायचा.