लेपर्ड गेकोची मादी: पन्नास ग्रॅम, पण कशाचे?

लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाल पाळणाऱ्यांच्या बोलण्यात एक आकडा हमखास येतो: मादी ५० ग्रॅमची झाली की जोडी लावायची. आकडा चुकीचा नाही, अपुरा आहे. वॅक्सवर्म (मेणकिड्याच्या चरबीदार अळ्या) चारून आठ महिन्यांत पन्नास ग्रॅमवर नेलेली मादी आणि दीड वर्षे रातकिडे खाऊन तिथे पोहोचलेली मादी काट्यावर सारख्याच दिसतात. पहिलीच्या वजनात लहान सांगाड्यावर चढलेली चरबी असते, तर दुसरीच्या वजनात पूर्ण वाढलेली हाडे, स्नायू आणि त्यावर शेपटीतला साठा. दोघींतला फरक अंडी धरायला लागल्यावर कळतो आणि तेव्हा करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

हा प्राणी, शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरिअस, मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांचा. घरातल्या पालीसारखी भिंतीला चिकटणारी बोटे त्याला नसतात, पण पापण्या उघडझाप करणाऱ्या असतात. त्याचे दोन जवळचे भाऊबंद आपल्याकडच्या रानातही आहेत: युब्लेफॅरिस फस्कस आणि सातपुड्यातला युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस, ज्याचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दिसायला सारखे म्हणून ते उचलून घरी आणायचे नसतात. या लेखात फक्त पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढलेल्या पाळीव गेकोचा विचार आहे.

कोरड्या मुलखात किडे वर्षभर सारखे मिळत नाहीत. मिळतात तेव्हा भरपूर खायचे आणि चरबी शेपटीत साठवायची, अशी या प्राण्याची घडण आहे. पोटातही चरबीच्या दोन गाद्या असतात. मादीच्या अंडाशयात बीजे वाढू लागली की यकृत ही चरबी आणि प्रथिने वापरून बलकाचा कच्चा माल बनवते आणि रक्तातून अंडाशयाकडे पाठवते. कॅल्शियम मात्र चरबीत साठत नाही. ते रोजच्या अन्नातून यावे लागते, नाहीतर हाडांतून ओढले जाते.

किती ओढले जाते याचा हिशोब करून बघा. मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते, पहिल्या खेपेला कधी एकच. एक अंडे अंदाजे तीन ग्रॅमचे, म्हणजे ५५ ग्रॅमच्या मादीच्या अंगातून एका खेपेला वजनाचा नववा हिस्सा निघून जातो. दोन ते चार आठवड्यांनी पुढची खेप. हंगामात सहा खेपा झाल्या तर ३६ ग्रॅम, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. शिवाय मादी नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते. एकदा मीलन झाले की नर बाजूला केला तरी फलित अंडी येतच राहतात. मध्येच वजन घसरले तर थांबवता येणार नाही अशी ही गोष्ट असल्यामुळे तपासणी जोडी लावण्याआधीच झाली पाहिजे.

ती तपासणी तीन बाजूंनी करावी. वय किमान वर्षाचे, दीड वर्ष असेल तर उत्तम. तीस-पस्तीस ग्रॅमची मादीही गाभण राहू शकते, म्हणूनच नर-मादी लहानपणापासून एकत्र वाढवू नयेत. वजन सलग दोन-तीन महिने ५० ग्रॅमच्या वर टिकलेले हवे, एखाद्या दिवशी गाठलेले नव्हे. तिसरी बाजू डोळ्यांनी तपासायची: वरून पाहिले तर शेपटीचा सर्वांत जाड भाग मानेइतका किंवा किंचित जास्त असावा. शेपटी डोक्याहून रुंद दिसली, पाय बुटके वाटले आणि चालताना पोट जमिनीला घासले, तर तो लठ्ठपणा. उलट कंबरेची हाडे टोचत असतील आणि शेपटीला सुरकुत्या असतील, तर ६० ग्रॅम भरली तरी ती मादी तयार नाही. मोठ्या चणीच्या जातींत असे होते. नरालाही ही तपासणी लागू आहे. हंगामात मादीच्या मागे लागून नर खाणे टाकतो आणि वाळतो.

वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, पण पिल्लांसाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा लागतो. झाकणाचा छोटा डबा काट्यावर ठेवून शून्य करायचा, मग गेको आत. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, खाऊ घालण्याआधी. पोटात आठ रातकिडे असताना केलेले वजन फुगलेले निघते, आणि बऱ्याच दिवसांची शी साठली असेल तर तेही दोन-तीन ग्रॅम काट्यावर येतात. पोटाच्या खालच्या त्वचेतून पांढरट गोल अंडी दिसू लागली असतील तर त्या दिवसाचे वजन अंड्यांसह आहे अशी वहीत खूण करावी. नाहीतर अंडी घातल्यावर आठवड्यात सहा ग्रॅम कुठे गेले म्हणून उगाच धावपळ होते.

किड्यांचा हिशोब

आता खाण्याकडे. गेको फक्त किडे खातो, तेही हलणारे. मोठ्या रातकिड्यात साधारण २० टक्के प्रथिने आणि सात टक्क्यांच्या आत चरबी असते. मीलवर्म या भुंगेऱ्याच्या अळीत प्रथिने १९ टक्क्यांच्या आसपास, चरबी १३. सुपरवर्म या तशाच मोठ्या अळीत चरबी १८ टक्क्यांपर्यंत जाते. वॅक्सवर्ममध्ये चरबी २५ टक्के आणि प्रथिने फक्त १४. सगळे आकडे जिवंत किड्याच्या वजनावरचे. वाढत्या वयात रातकिडे किंवा डुबिया झुरळे हे रोजचे जेवण, मीलवर्म जोडीला, आणि वॅक्सवर्म आठवड्याला एखादा, तोही आजारातून उठलेल्या किंवा अंडी घालून रिकाम्या झालेल्या मादीला. वॅक्सवर्मची चटक लागलेला गेको रातकिड्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि मग मालक हट्ट पुरवत बसतो. अशा वेळी निरोगी, भरल्या शेपटीच्या प्रौढ गेकोला आठवडा-दहा दिवस दुसरे काहीच न देता रातकिड्यांवर आणले तर बिघडत नाही. पिल्लावर हा प्रयोग नको.

किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नसावा, निदान पिल्लांच्या बाबतीत. प्रौढ मादीला मध्यम आकाराचे सहा ते आठ रातकिडे एका वेळी पुरतात. पंधरा-वीस मिनिटांत जे उरतील ते काढून घ्यायचे, कारण भुकेला रातकिडा झोपलेल्या गेकोची बोटे आणि पापण्या कुरतडतो. घरातली झुरळे, बागेतले टोळ देऊ नयेत. त्यांच्या अंगावर कोणते औषध फवारलेले असेल सांगता येत नाही. काजवा तर कधीच नको. अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांनी बेअर्डेड ड्रॅगन हे पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

वारंवारता वयाप्रमाणे बदलते. पिल्लू पहिली कात टाकते, त्यानंतर दोन-चार दिवसांत खायला लागते. पहिले चार महिने रोज, मग वर्षाचे होईपर्यंत एक दिवसाआड, पुढे आठवड्यातून दोन-तीनदा. पिल्लू अंड्यातून निघते ते तीन ग्रॅमच्या आसपास. पहिल्या सहा महिन्यांत आठवड्याला ग्रॅम-दीड ग्रॅम वाढले तर गाडी रुळावर आहे. याहून वेगाने वाढवण्यात काही मिळत नाही. सांगाडा त्याच्या गतीनेच वाढतो; जास्तीचे अन्न चरबीत जाते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो कॅल्शियमचा. गेकोच्या अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दुप्पट असायला हवे. रातकिड्यात ते फॉस्फरसच्या सातव्या हिश्शाइतके असते, मीलवर्ममध्ये सतराव्या हिश्शाच्या आसपास. अपवाद एकच, ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या. त्यांच्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या अडीचपटीहून जास्त असते. बाकी सगळ्या किड्यांना आपणच भर घालायची आणि ती दोन मार्गांनी: किड्याच्या पोटातून आणि किड्याच्या अंगावरून.

पोटातून भर घालायची म्हणजे गेकोला देण्याआधी एक-दोन दिवस किड्यांना खास खाद्य द्यायचे. नाचणीच्या पिठात भरपूर कॅल्शियम असते म्हणून अनेक जण तेच देतात. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.३५ टक्के कॅल्शियम. किड्याचे पोट कामाला येण्याइतके भरायचे तर खाद्यात आठ टक्क्यांच्या पुढे लागते. ८०० ग्रॅम गव्हाचा कोंडा किंवा दळलेले ओट्स आणि २०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिसळली की आठ टक्के होतात, कारण कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असते. ओलाव्याला गाजराचे तुकडे. पालक नको, त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवते. हे खाद्य किड्यांना कायम देऊ नये, कारण इतक्या कॅल्शियमवर ते फार दिवस तग धरत नाहीत. नेहमीचा डबा साध्या कोंड्याचा आणि द्यायच्या किड्यांसाठी वेगळा डबा, अशी सोय ठेवावी.

अंगावरून भर म्हणजे भुकटी चोपडणे. तीन ग्रॅम साध्या रातकिड्यांतला फॉस्फरस पुरता झाकायला गणिताने सुमारे ३० मिलिग्रॅम कार्बोनेट लागते, म्हणजे चिमटीहूनही कमी. किडे पिशवीत घालून, भुकटी टाकून हलवायचे. अंगावर पातळ पांढरा थर दिसला की झाले. पांढरेफटक झालेले रातकिडे गेको नाकारतो. चोपडलेला किडा लगेच द्यावा, कारण तो अंग साफ करत सुटतो आणि दोन-चार तासांत बरीच भुकटी खाली पडलेली असते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात भुकटीला गोळे धरतात. छोट्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवली तर टिकते.

कॅल्शियम शोषायला डी३ जीवनसत्त्व लागते. कमी ताकदीचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा असेल तर त्वचेत ते तयार होते; नसेल तर आठवड्यातून एक-दोनदा डी३ असलेली भुकटी आणि इतर वेळी साधी. दिवाही लावायचा आणि प्रत्येक घासाला डी३ही द्यायचे, हे नको. ते चरबीत विरघळणारे असल्याने साठते आणि जास्त झाल्यावर मूत्रपिंडांत, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसते. अ जीवनसत्त्वाचेही तसेच: किड्यांत ते नगण्य, म्हणून रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचे तयार रूप) असलेली मल्टिव्हिटॅमिन भुकटी आठवड्या-पंधरवड्याला एकदा. ते कमी पडले की डोळ्यांत चिकट पांढरा चिकटा साठतो, कात नीट निघत नाही.

खाल्लेले अंगी लागायला ऊब लागते

उत्तम खाणे असूनही वजन न वाढण्याचे सर्वांत साधे कारण थंड फरशी. गेकोचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. पेटीच्या एका बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस हवी, दुसरी २५च्या आसपास. भिंतीला चिकटवलेल्या गोल थर्मामीटरने हवेचे तापमान कळते, जमिनीचे नाही. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन वापरावी. हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय लावू नये, पोट भाजते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात रात्री खोली पंधराच्या खाली गेली आणि त्यात वीज गेली, तर पोटातले किडे तसेच राहून सडतात आणि सकाळी अर्धवट पचलेली ओकारी दिसते. लाइट जाण्याची सवय असलेल्या भागात इन्व्हर्टरवर सर्वांत आधी हीट मॅट जोडावी.

तळाला वाळू नको. कॅल्शियम कमी पडलेला गेको वाळू चाटतो आणि आतडी तुंबतात. कागदी टॉवेल किंवा साधी फरशी घाला, शी दिसतेही लगेच.

ती दिसणे महत्त्वाचे, कारण काही वेळा दोष खाण्यात नसतोच. भरपूर खाऊनही शेपटी काडीसारखी होत चालली असेल, शी पातळ असेल, तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा संशय घ्यावा. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि नेहमीची जंतुनाशके त्याच्या बीजकोशांना दाद देत नाहीत. म्हणून नवा गेको दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, शेवटी हाताळायचा, आणि जोडी लावण्याआधी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडून शी तपासून घ्यायची. अशा गेकोला वॅक्सवर्म चारून शेपटी भरायचा खटाटोप म्हणजे आजार झाकणे.

लठ्ठ मादीचे दुखणे वेगळे. ती कुठल्याही कारणाने खायची थांबली की साठवलेली चरबी एकदम यकृताकडे धावते आणि यकृतच त्यात बुडते. अंडी अडकण्याचा धोकाही तिला जास्त. तिचे वजन उपाशी ठेवून उतरवू नये: आठवड्यातून दोनदा चार-पाच रातकिडे, मीलवर्म बंद, आठवड्याला एक ग्रॅमपेक्षा जास्त घट नको. तुटलेली शेपटी पुन्हा येणाऱ्या मादीला तो हंगाम सुट्टी द्यावी. तिचे कोठारच नव्याने बांधले जात असते.

हंगाम सुरू झाल्यावर खाणे एक दिवसाआड, खात असेल तर रोज. पेटीत वाटीभर साधी कॅल्शियम भुकटी कायम ठेवावी, त्यात डी३ नसावे. ओलसर व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारे हलके खनिज) किंवा कोकोपीट भरलेला डबा दिला नाही तर मादी अंडी धरून ठेवते. घालण्याआधी दोन-तीन दिवस ती खात नाही, ते ठीक. मात्र अंडी दिसत असूनही ती आठवडाभर उकरत राहिली, ताण देत राहिली आणि काहीच बाहेर आले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. अंडी घातल्याच्या संध्याकाळी पाणी आणि चोपडलेले किडे. पुढच्या खेपेआधी तिने गमावलेल्या वजनातले बहुतेक परत मिळवले पाहिजे. सलग दोन खेपांनंतर काटा हंगामाआधीच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून खाली राहिला, तर नर पुन्हा सोडायचा नाही. साठवलेल्या शुक्राणूंमुळे तरीही अंडी आलीच, तर निदान ती वाढवण्याच्या मोहाने नवा नर आणू नये, आणि पुढच्या हंगामाचा विचार तिचे वजन तीन महिने स्थिर राहिल्यावरच करावा.