स्प्लेंडरएवढ्या वजनाचं विमान

थंडी पडली की खानदेशात शेतोशेती भरीत पार्ट्या सुरू होतात. यंदा चोपड्याच्या एका मित्राने वेगळाच बेत मांडला: घरीच अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलकं चिमुकलं विमान बांधायचं, सातपुड्यात तोरणमाळकडे उतरायचं, तंबू ठोकून दोन दिवस राहायचं. सगळे हसले. पण या विमानाचा इतिहास अशाच खटपट्या माणसांनी घडवलाय.

पॅरिसात राहणाऱ्या ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँने 1907 मध्ये बांबू वापरून चिमुकलं ‘देमोआझेल’ बांधलं आणि पुढे त्याचे आराखडे सगळ्यांना खुले केले. 1930 च्या दशकात फ्रान्सच्या आँरी मिन्येचं विमान हौशी लोकांनी घरोघर बांधलं; त्यातली काही नाक खाली गेल्यावर सावरेनात, माणसं गेली.

खरं वळण 1975 चं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या सपाट मुलखात हँग ग्लायडर (माणसाने खाली लटकून उडायचा बिनइंजिनाचा पंख) घेऊन उडी मारायला कडा कुठला? जॉन मूडीने ग्लायडरला गो-कार्टचं, म्हणजे शर्यतीच्या छोट्या गाडीचं इंजिन जोडलं आणि गोठलेल्या तळ्यावरून उडाला. मग अशा विमानांचं पीकच आलं. 1982 मध्ये अमेरिकेने नियम केला: एकच माणूस, रिकामं वजन 115 किलोच्या आत, पेट्रोल 19 लिटर. एवढं पाळलं तर नोंदणी नको, लायसन्सही नको. 115 किलो म्हणजे आपली स्प्लेंडर!

बरीचशी इंजिनं टू-स्ट्रोक. फवारणी पंप चालवणाऱ्याला हे शिकवायला नको: लिटरभर पेट्रोलला 20 मिली ऑइल. विसरलात तर पिस्टन जाम. पंप बांधावर ठेवता येतो, विमान नाही.

आपल्याकडे मात्र अमेरिकेसारखी सूट नाही. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी लागते, पायलटला परवाना लागतो. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना नोंदणी मिळाली 2017 मध्ये, तीही वर्षानुवर्षे खेटे घातल्यावर. शिवाय जंगलात उतरायचं तर वनखातं आहेच.

आणि तोरणमाळ सुमारे 1,150 मीटरवर, तापीकाठ दोनशेच्या आसपास. उंचीवर हवा विरळ. पंखांना उचल कमी, इंजिनालाही दम कमी. मे महिन्यात गरम हवा आणखीच विरळ, तेव्हा तर नावच काढू नका. म्हणून हिवाळ्यातली सकाळ बरी, आणि सामान किलोकिलोने मोजलेलं.

मित्राने वजनकाटा आणलाय. तंबू, कळण्याचं पीठ, वांगी बसली. भरीत ठेचायची लाकडी बडगी काट्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि मुकाट्याने उचलून परत ओट्याखाली सारली.