काळी गाडी, मेणाचा डबा आणि ओली पाटी

काळी गाडी घेणाऱ्याला पहिला महिना लय भारी वाटतं आणि मग एके दिवशी पेट्रोल पंपावर रात्रीच्या लाइटखाली बॉनेटवर कोळिष्टकासारखे गोल गोल चरे दिसतात, आणि तिथून सुरू होतो तो शोध, की बाबा हिला लावू काय. दुकानात गेलं की एका ओळीत दहा गोष्टी. रबिंग कंपाउंड, पॉलिश, ग्लेझ, कार्नोबा वॅक्स, सीलंट, टेफ्लॉन, सिरॅमिक, वर परत 'फक्त काळ्या गाडीसाठी' म्हणून काळं वॅक्स. शेजारी शेजारी मांडलेले असतात म्हणून सगळे एकाच कामाचे वाटतात, पण यातल्या बऱ्याच गोष्टी वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या रंगांसाठी तयार झाल्यात आणि त्यातले काही रंग आता नव्या गाड्यांवर येतच नाहीत. म्हणून जरा मागे जाऊन बघू.

मोटारी नव्या होत्या तेव्हा रंगकाम घोडागाडीचंच होतं, म्हणजे ब्रशने रंग, त्यावर व्हार्निश, मग वाळायची वाट, परत घासणं, परत हात, असं करत एक गाडी आठवडेच्या आठवडे रंगशाळेत पडून राहायची. शेवटी बारीक दगडाची भुकटी तेलात कालवून फडक्याने चोळायची की तकाकी यायची. काळ्याचं वेड त्याच्याही आधीचं आहे बरं का. जपानात झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाच्या भांड्यांवर शेवटचा हात हरणाच्या शिंगाची राख आणि तेल घेऊन तळहाताने चोळून देतात, आरशासारखं काळं होईपर्यंत. युरोपात त्याची नक्कल करायला डांबरावर आधारलेलं जे काळं रोगण निघालं त्याचं नावच पडलं जपान ब्लॅक, आणि तेच पुढे भट्टीत भाजून मोटारीच्या पत्र्यावर आलं.

फोर्डची मॉडेल टी सगळ्यांना माहितीये, काळी सोडून दुसरा रंग नाही वगैरे. पण १९०८ ला ती आली तेव्हा लाल, हिरवी, करडी अशी मिळायची, फक्त काळी झाली ती १९१४ पासून आणि १९२६ ला परत रंग आले. काळा लवकर वाळायचा म्हणून तोच ठेवला असं आपण सगळे सांगतो, मीही सांगायचो, पण प्रत्यक्षात त्या गाडीवर वेगवेगळ्या भागांना तीसहून जास्त प्रकारचे काळे रंग वापरले जायचे असं अभ्यासकांनी शोधून काढलंय, म्हणजे मामला स्वस्ताई आणि टिकाऊपणाचाही होता. तरी वाळण्याची अडचण खरीच होती. गाडी जोडायला दीड तास आणि रंग वाळायला त्याच्या कितीतरी पट, असं कसं चालणार?

ते सोडवलं ड्युकोने. हो, तोच ड्युको, जो आपला सुतार अजून वॉर्डरोबला मारायचा का विचारतो! बंदुकीची दारू आणि सिनेमाची फिल्म ज्या नायट्रोसेल्युलोजपासून व्हायची त्याच मालापासून ड्यूपाँट कंपनीचं हे लॅकर, म्हणजे झटपट वाळणारं रोगण, १९२३ मध्ये बाजारात आलं आणि १९२४ च्या ओकलंड या अमेरिकन गाडीवर निळ्या रंगात झळकलं. स्प्रेने मारायचं, काही तासांत कोरडं. गॅरेजमधले पेंटर ज्याला 'एनसी' (नायट्रोसेल्युलोजचं छोटं रूप) म्हणतात तेही याच घराण्यातलं. पण एक गोम होती. स्प्रे केल्यावर हे लॅकर आपोआप चमकत नसे, मंद दिसायचं, त्याला घासून घासून चमक आणावी लागायची. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाला आजही गाडी दिसली की 'रबिंग करून देतो साहेब' म्हणतो ना, ती सवय या लॅकरच्या जमान्यात पक्की झाली. तेव्हा घासायला जाड थर होता आणि घासणं हा कामाचाच भाग होता.

आता या लेखातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. जुनी काळी गाडी उन्हात राहून राखाडी होते, आपण म्हणतो रंग उडाला. तर काळ्या रंगात असतं काजळीसारखं कार्बन ब्लॅक आणि ते इतक्या सहजासहजी उडत नाही. खराब होते ती त्याला धरून ठेवणारी राळ, वरचा पातळ पापुद्रा खडूसारखा भुसभुशीत होतो, प्रकाश सरळ परत न येता इकडेतिकडे विखुरतो आणि काळ्यावर पांढुरकी साय आल्यासारखं वाटतं. शाळेतली पाटी आठवा. कोरडी असताना करडी, ओलं फडकं फिरवलं की काळीभोर, वाळली की परत करडी. पाटीचा रंग तोच असतो, खाचांमध्ये पाणी बसलं एवढंच. काळ्या गाडीचं निम्मं पॉलिशशास्त्र म्हणजे हे पाणी वाळू नये म्हणून त्याच्या जागी काय भरायचं हा प्रश्न आहे!

पहिलं उत्तर होतं तेल. तेलकट ग्लेझ चोळलं की लॅकर ते पिऊन घ्यायचं आणि काळा रंग खोल दिसायचा. मेग्वायर्स ही १९०१ ला फर्निचर पॉलिश करत सुरू झालेली अमेरिकन कंपनी, तिचं सात नंबरचं ग्लेझ जुन्या गाड्यांची हौस असलेले लोक आजही शोधतात ते यासाठीच. पण तेल धुतलं की गेलं, म्हणून वरून मेण. शिकागोची सिमोनिझ १९१० ची, आणि तिचा एवढा बोलबाला झाला की अमेरिकन इंग्रजीत गाडी चमकवण्याला त्या नावाचं क्रियापदच झालं, आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं.

मेण म्हणजे कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्येला सेआरा, पियाउई या कोरड्या भागात एक ताडासारखं झाड असतं, ऊन सोसायला ते आपल्या पानांवर मेणाचा थर धरतं. पानं कापून वाळवायची, झोडपायची, जी भुकटी पडते ती वितळवायची. फ्लोअर वॅक्सवाल्या जॉन्सन कंपनीचे मालक १९३५ मध्ये पाण्यावर उतरणारं विमान घेऊन थेट ब्राझीलला गेले, हे झाड आणखी कुठे कुठे मिळतं ते बघायला, विमानाचं नाव पण कार्नोबाच ठेवलेलं. हे मेण ८२ ते ८६ अंशांला वितळतं आणि एकटं असलं तर दगडासारखं कडक, त्यामुळे डब्यावर 'शंभर टक्के शुद्ध' लिहिलेलं दिसलं तर हसू येतं, कारण नुसतं कार्नोबा गाडीला लावताच येणार नाही, त्यात सॉल्व्हंट, तेलं, दुसरी मेणं मिसळलेली असणारच. आणि मिश्रण मऊ असतं म्हणून नागपूरच्या मे महिन्यात काळ्या बॉनेटवर, जिथे हात टेकवत नाही, तिथे त्याचं आयुष्य किती असेल ते ओळखा. पण दिसतं सुंदर. काळ्या रंगावर कार्नोबाने येणारी ओलसर झाक मला तरी अजून दुसऱ्या कशात दिसलेली नाही, हे माझं वैयक्तिक मत.

मधल्या काळात सिलिकॉन आलं, पसरवायला सोपं, चकाकी झटपट, आणि पेंटरच्या डोक्याला ताप, कारण सिलिकॉन राहिलेल्या पत्र्यावर नवा रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. चांगला पेंटर अजूनही विचारतो, आधी काय लावलं होतं.

मग मोठा बदल झाला तो क्लिअर कोटचा. साधारण १९७० च्या दशकात युरोपात आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेत रंग दोन थरांत मारायला लागले, खाली पातळ रंग आणि वर पारदर्शक कोट. आता ऊन, पाऊस, पक्ष्यांची घाण सगळं झेलतो तो वरचा पारदर्शक थर, आणि त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कमी. पन्नास वर्षांपूर्वीची रबिंगची सवय घेऊन कोणी जाड कंपाउंड (घासायचा भरड लेप) आणि लोकरी पॅड लावून यावर बसला तर काय होईल? एकतर कोट संपेल, नाहीतर मशीनचे होलोग्राम, म्हणजे उजेडात हलणाऱ्या पॅडच्या रेषा, उठतील. सफेद गाडीवर ते कोणाला दिसणारही नाहीत, पण काळ्यावर प्रत्येक चऱ्याची कड लाइट पकडते आणि मागे अंधार असल्याने उठून दिसते. चरे सगळ्या दिशांना असतात खरं तर, पण दिव्याला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती ते गोल जाळं भासतं.

माझंच सांगतो. काळी हॅचबॅक होती, एका ठिकाणी बरेच पैसे देऊन पॉलिश करून घेतली, गाडी बघून डोळे दिपले. तीन वेळा धुतली आणि जाळं होतं तसं परत. म्हणजे चरे काढलेच नव्हते, फिलर भरले होते, पाटीवर पाणी मारून दिली मला! फिलर वाईट नसतात, एखाद्या लग्नाआधी मस्त काम करतात, फक्त आधी सांगायला पाहिजे ना.

आपल्याकडे टेफ्लॉनची लाट आली होती, प्रत्येक शोरूममध्ये विकायचे. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांला, तव्यावर ते बसवायला त्याहून जास्त भट्टी लागते, तेव्हा पार्किंगमध्ये स्पंजने चोळून त्याचा तसा थर बसत नाही, उरतं ते बाकीचं पॉलिश. सिरॅमिक, म्हणजे लावल्यावर काचेसारखं घट्ट होणारं द्रव कोटिंग, मात्र खरंच कडक होऊन चिकटतं, पाणी मोती होऊन पळतं आणि टिकतंही मेणापेक्षा जास्त, पण तेही पारदर्शक, म्हणजे खालचे चरे घालवल्याशिवाय लावलं तर चरे काचेत बंद करून ठेवल्यासारखे. आणि बोअरच्या जड पाण्याचे डाग त्यावरही पडतातच, उन्हात धुवून तशीच सोडली तर.

काळ्या रंगाच्या वॅक्सचं म्हणाल तर क्लिअर कोटला स्वतःचा रंगच नसतो, त्यामुळे ते रंग 'परत आणतं' वगैरे काही नाही, खाचांत काळं बसून चरे कमी दिसतात एवढंच. एक फायदा आहे, वाळल्यावर प्लॅस्टिकच्या फटीत पांढरी पावडर राहत नाही, जी काळ्या गाडीवर फार खुपते.

म्हणून डबा घ्यायच्या आधी आपल्या गाडीवर रंग कुठला ते बघा. दाराच्या आतल्या कडेला नखाएवढ्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन चोळा. फडकं पांढरंच राहिलं तर क्लिअर कोट आहे, आधी नीट धुणं, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), मग बारीक पॉलिश आणि फोम पॅड, त्यानंतर सीलंट (मेणाच्या जागी लावायचा कृत्रिम संरक्षक थर) किंवा सिरॅमिक, हौस असेल तर सणाला वर कार्नोबा. मशीन फिरवलं तर अंधारात टॉर्च मारून बघा, ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या छान दिसतात. आणि सोसायटीत रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसणारा असेल तर त्याला आधी थांबवा, निम्मं जाळं त्या फडक्याचंच असतं. मित्राच्या वडिलांच्या जुन्या काळ्या फियाटवर मी हीच टेस्ट केली तर फडकं काजळासारखं काळं झालं, म्हणजे वर पारदर्शक कोट नव्हताच, जुना रंगच उघडा होता. तिला सिरॅमिक मारायचं ठरवून गेलो होतो, शेवटी तेलकट ग्लेझ चोळून, वर मेण लावून आलो.