गोल्फ कोर्सचा गल्ला वेगळा, सिटीची तिजोरी वेगळी

अमेरिकेत सिटीच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, मालकीचा गोल्फ कोर्स म्हटला की दोन तक्रारी ठरलेल्या. एक, आमच्या टॅक्सवर हौशी लोकांचा खेळ चाललाय. दुसरी, एवढा पैसा येतोय तर लायब्ररीला द्या की! गल्लत दोन्हीकडे एकच, जनरल फंड (टॅक्सवर भरणारी सिटीची मुख्य तिजोरी) आणि एंटरप्राइज फंड (स्वतःच्या फीवर चालणाऱ्या सेवेचा वेगळा गल्ला) एकच समजायचे.

सॅन डिएगोच बघा. टायगर वुड्सने २००८ ला गोल्फची यूएस ओपन जिथे जिंकली तो टोरी पाइन्स कोर्स सिटीचाच, शिवाय बाल्बोआ पार्क आणि मिशन बे हे कोर्सही. जनरल फंडात प्रॉपर्टी टॅक्स, सेल्स टॅक्स वगैरे येतो आणि त्यातून पोलीस, फायर ब्रिगेड, लायब्ररी चालतात. गोल्फचा एंटरप्राइज फंड मात्र खेळणाऱ्यांच्या ग्रीन फीवर, म्हणजे कोर्सवर खेळायच्या फीवर चालतो, पगार, पाणी, मशिनं सगळं त्यातूनच, आणि बाहेरगावच्यांना टोरीला लोकलपेक्षा कितीतरी जास्त फी पडते त्यामुळे तो भरतोही बरा. बीएमसीत पाणी आणि मलनिस्सारणाचं बजेट वेगळं मांडतात ना, साधारण तसंच. त्यामुळे गोल्फचा पैसा उचलून सरळ लायब्ररीला देता येत नाही.

बरं मग शिल्लक राहिली की तो नफा का? इथेच खरी गंमत आहे. रोजची कापणी, पाणी, खत हा चालू खर्च. ग्रीनला, म्हणजे बॉल ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला, मधूनमधून मशिनने बोटाएवढी भोकं पाडतात, मातीच्या गुंडाळ्या बाहेर काढतात आणि वाळू भरतात, कारण सतत पाय पडून माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. नंतर आठवडा-दोन आठवडे बॉल उड्या मारत जातो आणि लोक वैतागतात, पण ते टाळलं तर ग्रीनच जातं. हे सगळं वर्षाच्या हिशोबात दिसतं. दिसत नाही ते झिजणं. बंकरची (कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांची) वाळू ५ ते ७ वर्षांत बदलायला येते, ग्रीन साधारण १५ ते ३० वर्षं, जमिनीखालची पाण्याची लाइन १० ते ३०. तो खर्च एकदम अंगावर येतो आणि काम चालू असताना कोर्स अर्धा नाहीतर पूर्ण बंद, म्हणजे फीसुद्धा बुडते. टोरीच्या दोन कोर्सपैकी नॉर्थचं मोठं काम २०१६ ला काढलं, साउथचं २०१९ ला. शिल्लक असते ती यासाठी, आणि ज्या गावांनी ती साठवलीच नाही तिथे पाइप फुटल्यावर जनरल फंडाकडेच हात पसरावा लागतो.