आयजीए नेफ्रोपॅथी : एक ग्रॅमच्या रेघेचा इतिहास

घसा धरला की एकदोन दिवसांत लघवी कोलासारखी तपकिरी, आणि आठवडाभरात पुन्हा साफ. आयजीए नेफ्रोपॅथी (आयजीए नावाची प्रतिपिंडे किडनीच्या गाळणीत साचण्याचा आजार) हिचे हे नेहमीचे रूप. या आजाराची ओळख 1968 मध्ये पॅरिसमध्ये बायोप्सीवरून पटली. आधी तो सौम्य समजला गेला. वीसेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर किमान चौथ्या हिश्शाच्या रुग्णांच्या किडन्या निकामी झालेल्या दिसल्या. प्रत्यारोपित किडनीतही तो उलटतो.

खरा वाद लघवीतल्या प्रोटीनचा; किडनीची गाळणी बिघडली की ते लघवीत उतरते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी कॅनमध्ये साठवायची आणि प्रोटीन मोजायचे. दिवसाला एक ग्रॅमच्या आत असेल तर पुढचा काळ बरा जातो, हे कॅनडातील 2007च्या अभ्यासाने ठसवले. पाठपुरावा मात्र सरासरी सहा-सात वर्षांचा. विशीतल्या रुग्णाला एवढा हिशेब कसा पुरणार? तरी 2012च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत स्टिरॉइडचा विचार एक ग्रॅमपासूनच होता (लघवीतले प्रोटीनही कमी करणाऱ्या बीपीच्या गोळ्या अर्ध्या ग्रॅमपासून सुचवल्या होत्या, हेही खरे) आणि 2021मध्ये उपचारांचे लक्ष्यही एक ग्रॅमच्या आत असेच ठरले.

ब्रिटनमधील रुग्णनोंदणीचे आकडे 2023मध्ये आले आणि ही रेघ डळमळली. साधारण अर्धा ते एक ग्रॅमच्या दरम्यान राहिलेल्यांपैकीही सुमारे 30 टक्क्यांची किडनी दहा वर्षांत निकामी झाली होती. यावर आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे : त्या नोंदणीत अगदी सौम्य रुग्ण घेतलेच नव्हते, त्यामुळे चित्र आहे त्यापेक्षा गडद दिसते. पण म्हणून जुनी रेघ बरोबर ठरत नाही. 2025च्या मार्गदर्शिकेने लक्ष्य अर्ध्या ग्रॅमच्या आत, जमल्यास 0.3 ग्रॅमपर्यंत खाली आणले.

आता प्रश्न तिथवर पोचायचे कसे. स्टिरॉइडच्या एका मोठ्या चाचणीत (भारतीय रुग्णही होते) गंभीर जंतुसंसर्ग वाढल्याने 2015मध्ये नव्या रुग्णांची भरती थांबवावी लागली. डोस कमी करून ती पुन्हा सुरू झाली आणि 2022मध्ये किडनीला फायदा दिसला. आतड्यात विरघळणारे ब्युडेसोनाइड (हेही स्टिरॉइडच) अमेरिकेत डिसेंबर 2021मध्ये आणि स्पार्सेंटान हे स्टिरॉइड नसलेले औषध फेब्रुवारी 2023मध्ये मंजूर झाले, तेही सुरुवातीला केवळ लघवीतले प्रोटीन घटते एवढ्याच पुराव्यावर.