बोलता बोलता दाखवण्याची गोष्ट

वक्ता उभा राहतो, मागे पडद्यावर स्लाइड येते आणि तो ती आपल्याला वाचून दाखवू लागतो. आपलं वाचून झालेलं असतं, त्याचा अजून तिसराच मुद्दा चाललेला असतो. मग सगळा राग पीपीटीवर निघतो. पण बोलता बोलता काही दाखवण्याची रीत पीपीटीहून कितीतरी जुनी आहे, आणि दाखवलेली गोष्ट सुरुवातीला वाचण्यासाठी नव्हतीच.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९च्या सुमारास मॅजिक लँटर्न तयार केला. आत दिवा, पुढे भिंगं आणि मधे काचेवर रंगवलेलं चित्र; ते भिंतीवर मोठं होऊन दिसे. त्याचा बराचसा वापर करमणुकीसाठी आणि भुतंखेतं दाखवण्यासाठी झाला. शिकवण्यात मोठा बदल घडवला तो फळ्याने. १८०१मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट इथल्या लष्करी शाळेत जॉर्ज बॅरन गणित शिकवताना मोठा फळा वापरत होते. फळ्याचा एक गुण पुढच्या साधनांना तितका साधला नाही. आकृती हाताच्या वेगाने उमटते, त्यामुळे समोरच्याला बरोबरीने विचार करायला सवड मिळते.

बोलता बोलता दाखवण्याच्या या कलेचा अगदी जीव लावून विचार केला तो इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी. १८१३मध्ये, अवघ्या २१व्या वर्षी, त्यांनी एका मित्राला पत्रांतून व्याख्यानाचं बारकाईने विवेचन लिहून पाठवलं. सभागृह कसं असावं, उपकरणं कशी मांडावीत, आकृत्या ओबडधोबड असल्या तरी का हव्यात, हे सगळं त्यात आहे. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते स्वतः बोलू लागले तेव्हा त्यांनी वक्तृत्वाचे रीतसर धडे घेतले. बोलण्याचा वेग वाढतो हे लक्षात आल्यावर ‘सावकाश’ असं लिहिलेलं कार्ड समोर ठेवायला मदतनिसाला सांगून ठेवलं. तास संपत आला की ‘वेळ’ लिहिलेलं कार्ड पुढे येई.

मेणबत्तीवरची त्यांची नाताळची व्याख्यानं मुलांसाठी होती. त्यातला एक प्रयोग आजही घरी करून पाहता येतो. मेणबत्ती हलकेच विझवली की वातीतून वाफेची बारीक रेघ वर जाते. जळती काडी वातीपासून दोन-तीन इंचांवर त्या रेघेत धरायची. ज्योत हवेतूनच सरकत वातीवर येऊन बसते. जळते ती मेणाची वाफ, हे वाक्य आधी नुसतं सांगितलं असतं तर मुलांनी ते ऐकून सोडून दिलं असतं. ज्योतीने डोळ्यांदेखत झेप घेतल्यावर मात्र असं का झालं, हे त्यांना स्वतःलाच विचारावंसं वाटणार.

१८५०च्या आसपास फोटो काचेवर उतरवता येऊ लागले आणि जुन्या लँटर्नचं नशीब पालटलं. पत्रकार जेकब रिस यांनी १८८८मध्ये न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांचे फोटो सभांमधून दाखवायला सुरुवात केली. अंधाऱ्या खोल्यांत फ्लॅश पावडरच्या उजेडात टिपलेली ती माणसं पडद्यावर दिसत. त्यांची हकिकत सांगणं हे रिस यांचं काम.

पुढचा बिघाड माझ्या मते श्रम वाचल्यामुळे झाला. काचेची स्लाइड काय किंवा नंतरची ३५ मिलिमीटरची स्लाइड काय, ती बनवायला वेळ आणि पैसा लागे. त्यामुळे जे बोलून समजावता येत नाही, तेच दाखवण्याकडे कल असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने प्रशिक्षणासाठी ओव्हरहेड प्रोजेक्टर वापरला, १९६०नंतर तो वर्गांत आणि कचेऱ्यांत पसरला. पारदर्शक फिल्मवर स्केचपेनने लिहिलं की झालं. हळूहळू चित्रांच्या जागी वाक्यं येऊन बसली. खालच्या ओळी कागदाने झाकून एकेक उघडत जायची युक्ती त्याच यंत्रावरची.

१९८७मध्ये रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचं पॉवरपॉइंट मॅकिंटॉशवर आलं, तेही कृष्णधवल आणि मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या अशा पारदर्शक फिल्म तयार करण्यासाठीच. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ते बनवणारी कंपनी १.४ कोटी डॉलरला विकत घेतली.

त्याच्या आदल्या वर्षी, ११ फेब्रुवारी १९८६ला, अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताची सुनावणी चालू असताना भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबरी ओ-रिंगचा, म्हणजे यानाच्या रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या कड्याचा, तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर रबर पूर्ववत उसळेना. थंडीत रबर ताठरतं, हे पाण्याच्या एका ग्लासात दिसलं.

२००३मध्ये कोलंबिया हे अवकाशयान अंतराळात असताना, उड्डाणावेळी इंधनटाकीवरून निसटून पंखावर आदळलेल्या फोमने किती नुकसान झालं असेल यावर अभियंत्यांनी नासापुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा आधीच्या चाचण्यांच्या आधारे दिलासा देणारा होता. निसटलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा होता, हे कळण्याइतके आकडे त्याच स्लाइडवर होते, पण अगदी तळाच्या ओळीत. १ फेब्रुवारीला परतताना यान कोसळलं, सातही अंतराळवीर गेले. एवढ्या गुंतागुंतीच्या अपघाताचं खापर एका स्लाइडवर फोडणं अन्यायाचं होईल. पण तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर चौकशी मंडळाने स्पष्ट शब्दांत बोट ठेवलं.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलं की चित्र पाहताना निवेदन ऐकलं तर नीट समजतं; तेच निवेदन पडद्यावर लिहूनही दाखवलं तर बऱ्याचदा कमी समजतं. तरी वाक्यं पडद्यावरून हलत नाहीत, कारण भाषणाला न आलेल्यांनाही तीच फाइल पाठवायची असते. सॉफ्टवेअरमध्ये स्लाइडच्या खाली टिपांसाठी वेगळी जागा असते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फाइल्समध्ये ती कोरी असते.